सहावा खिळा

जळोचीतली ती खोली मला मिळाली ती माझ्या हेल्मेटमुळे. बारामतीच्या एका डेअरीत दूध तपासायच्या कामावर मी नुकतीच लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. एकट्या मुलीला खोली द्यायची म्हटलं की घरमालक आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग लग्नाचं कुठवर आलंय ते. या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते फाटकाशेजारच्या शेवग्याच्या शेंगा काढत होते. हातात आकडी, डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर जाड गॉगल, हातांत कातडी मोजे. माझी स्कूटी थांबली तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हेल्मेटकडे, मग हनुवटीखालचा पट्टा लावलाय का त्याकडे. लावलेला होता. "या, खोली दाखवतो," म्हणाले आणि पुढे झाले. त्यांच्या मागून पायऱ्या चढताना माझी नजर खाली गेली. चार शेंगांसाठी एवढा जामानिमा केलेला हा माणूस चक्क अनवाणी होता.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. उभं आयुष्य साखर कारखान्यात वेल्डर म्हणून काढलेलं. उंच, काटकुळे, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, पुढच्या भागात ते एकटे. धर्माने कोण हे मला पहिल्या रविवारी कळलं, कारण पहाटेच ते पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून चर्चला निघाले होते. डोक्यावर हेल्मेट, काखेत शास्त्र म्हणजे बायबल, आणि पाय उघडे.

हेल्मेटचं मला काही वाटेनासं झालं. भाजीबाजारात ते हेल्मेट घालूनच जात. टवाळ पोरं हटकायची, "मिस्त्री, आभाळ पडायलंय व्हय?" तर ते शांतपणे भेंडी निवडत म्हणायचे, "पडल्यावर घालता येत न्हाय." कांदा चिरताना गॉगल. ट्यूबलाइट बदलायची तर आधी मेन स्विच बंद, मग आम्हा भाडेकरूंना अंगणात काढायचं, मग रबरी चटई, मग स्टूल, मग दुसऱ्या कोणीतरी स्टूल धरायचं. एकदा मीच स्टूल धरून उभी होते आणि मला हसू आवरेना. ते वरूनच म्हणाले, "हस. हसताना हात सोडू नको म्हंजे झालं." कधी बोलले तर असं, अर्ध्या वाक्यात आणि न हसता.

पायांचं मात्र मला उमगेना. वैशाखात डांबर पाघळायचं तेव्हाही मिस्त्री अनवाणी. गल्लीत प्रत्येकाकडे याचं एकेक कारण होतं. समोरच्या काकू म्हणायच्या नवस असणार. ख्रिस्ती माणूस कुठला नवस बोलायला, असं त्यांचेच यजमान म्हणायचे, म्हातारा चिकट आहे, चप्पल झिजेल म्हणून घालत नाही. आणि चर्चमध्ये तर गंमतच होती. आपल्याकडे चर्चच्या दारातही चपला काढूनच आत जातात. दाराबाहेर मंडळींच्या चपलांचा हा ढीग पडलेला असायचा, आणि मिस्त्री त्याच्या कडेने सरळ आत. काढायला काही नव्हतंच.

त्यांच्या घरात एक शब्द बोलायला बंदी होती. मला ती ठाऊक नव्हती. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांनी मी कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले, स्कूटी काढली, हेल्मेट तसंच खुंटीवर. "हेल्मेट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हे काय, दोन मिनिटांचं काम आहे." मिस्त्री उठले, फाटक लावलं आणि फाटकाला पाठ लावून उभे राहिले. मला वाटलं चेष्टा करताहेत. मग दिसलं, त्यांनी फाटकाची कडी मागून घट्ट धरून ठेवली होती. "पोरी," ते म्हणाले, "ह्यो शब्द माझ्या घरात नको." मला संताप आला. मी भाडं देते, कोणाची सून नाही, असं सगळं मनात येऊन गेलं. खोली सोडायची असं ठरवूनसुद्धा टाकलं. पण दुसऱ्या दिवशी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि तोही म्हणाला, "काका, दोन मिंटाचं काम हाय, रेग्युलेटर मी लावतो." मिस्त्रींनी त्याला सिलिंडरसकट परत पाठवलं. दोन दिवस चुलीवर स्वयंपाक केला त्यांनी. तेव्हा माझा राग निवळला. माणूस विक्षिप्त होता, पण सगळ्यांशी सारखाच विक्षिप्त होता.

आता त्यांच्या पडवीबद्दल सांगायला हवं. दर रविवारी उपासना आटोपली की मंडळीतली दहाबारा पोरं तिथे जमायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी मुलांना शिकवायचं काम मिस्त्रींवर सोपवलं होतं आणि मिस्त्रींना शिकवता येत होता तो एकच पाठ. बायबलच्या नव्या करारात एक पत्र आहे, त्याच्या शेवटी देवाची शस्त्रसामग्री सांगितलेली आहे. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण आणि आत्म्याची तलवार, म्हणजे देवाचं वचन. एकूण सहा वस्तू. पाळकसाहेब सांगायचे, पत्र लिहिणारा स्वतः कैदेत होता, दारावर पहारा करणाऱ्या शिपायाकडे बघून त्याला हे सुचलं असावं. मिस्त्रींचं म्हणणं, असेल, आपण काही शिपाई बघितला नाही, आपण आपल्या कामाकडे बघून वाचावं. पाळकसाहेब भला माणूस, त्यांनी या वाचनाला कधी आडकाठी केली नाही.

पडवीच्या भिंतीला मिस्त्रींनी ओळीने सहा खिळे ठोकले होते. पहिल्यावर उंचावर काम करताना बांधायचा दोरीचा पट्टा. तो कमरेला बांधून ते पोरांना सांगायचे की हा बांधला म्हणून माणूस घसरत नाही असं नाही. घसरतोच. पण घसरल्यावर जमिनीपर्यंत जात नाही. सत्याचं तसंच आहे, बोललात म्हणून चूक टळत नाही, पण चुकीनंतर ते तुम्हाला धरून ठेवतं. दुसऱ्या खिळ्यावर छातीपासून गुडघ्यापर्यंतचा कातडी एप्रन, भोकंभोकं पडलेला. एका पोराने एकदा विचारलं, आजोबा, नवा का नाही घेत. तर म्हणाले, "ज्याचं नीतिमत्त्व कोरं हाय, त्यो कामावर गेलाच न्हाय समज."

मला सगळ्यांत आवडायची ती ढाल. वेल्डर तोंडापुढे धरतात ती फळी, मधे काळी काच. पोरं ती डोळ्यांना लावून सूर्याकडे बघायची. मिस्त्री म्हणायचे, लोकांना वाटतं विश्वास म्हणजे डोळे मिटणं. डोळे मिटून जोड कसा मारणार? उघड्या डोळ्यांनी बघाल तर आंधळे व्हाल. ही काच आग विझवत नाही, आगीकडे बघत काम करू देते. हेल्मेटबद्दल ते म्हणत की ते आपल्या चुकीसाठी नसतंच. वर काम करणाऱ्याच्या हातून काय सुटेल ते आपल्या हातात नाही, म्हणून ते मिळालेलं असतं, कमावलेलं नसतं. आणि तलवारीच्या खिळ्यावर एक लहान टोकदार हातोडी. वेल्डिंग झाल्यावर जोडावर खपली धरते. वरून बघणाऱ्याला वाटतं काम पक्कं झालं. हातोडीने ती खपली झाडली की कळतं आत धातू धरलाय का पोकळ आहे. "वचन हे असं," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या टाळक्यात घालायला न्हाय. आपल्याच जोडावर मारून बघायला."

मी देवधर्माच्या बाबतीत आळशी बाई आहे. पण रविवारी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी पडवीच्या कडेला रेंगाळायचे, हे कबूल करते.

सहावा खिळा मोकळा होता. मुळात ओळीत तो तिसरा, एप्रन आणि ढालीच्या मधला, पण पोरं त्याला सहावा म्हणायची, कारण बाकीचे पाच मोजून झाल्यावर तोच उरायचा. पायांचा पाठ यायचा त्या रविवारी मिस्त्री गाणं म्हणायला लावायचे, नाहीतर गूळ-शेंगदाणे वाटायचे. "आजोबा, इथं काय टांगायचं?" असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, "त्यो माझा हाय." आणि पुढच्या वस्तूकडे जायचे.

त्या खिळ्यावर बोट ठेवलं ते माझ्या आईने. आई नरसिंहपूरची. भीमा-नीरेच्या संगमावरचं नरसिंहाचं देऊळ आणि आमचं घर यांत चार हातांचं अंतर. रोज तिन्हीसांजेला दिवा लावून आई कवच म्हणते. मस्तक, डोळे, कंठ, हृदय, एकेक अवयव देवाच्या हवाली करत खाली यायचं. लहानपणी मी ते ऐकत झोपी जायचे, गुडघ्याच्या खाली कधी पोहोचलेच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई बारामतीला माझ्याकडे आली, आणि डोळ्यावर हिरवा पडदा लावून एका रविवारी पडवीत पोरांच्या मागे जाऊन बसली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मिस्त्री, हे तर आमच्यासारखंच झालं की." मिस्त्री एवढे खूश झाले की पोरांना सोडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आईला एकेक वस्तू हातात देऊन सांगितली. आईने चाचपून बघितली. डोकं झालं, छाती झाली, कंबर झाली, हात झाले. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "आन् पाय? पाय कुणाच्या हवाली केलं?"

मिस्त्री उठून आत गेले. दिवसभर बाहेर आले नाहीत. आई हिरमुसली, माझं काय चुकलं गं, असं मला सारखं विचारत राहिली. दिवेलागणीला मिस्त्री आमच्या पायरीवर येऊन बसले. हेल्मेट काढून शेजारी ठेवलं. इतक्या महिन्यांत त्यांचा उघडा माथा मी नीट पहिल्यांदा पाहिला. ते आईशीच बोलले, माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, अंथुर्ण्याला. त्याला कारखान्यात त्यांनीच चिकटवलं होतं, स्वतःच्या हाताखाली हेल्पर म्हणून. एका दुपारी भाऊ बूट सोडून, चपला घालून डबा खायला बसला होता. मिस्त्री टाकीवरचा जाड पत्रा गॅसने कापत होते. शेवटचं टोक धरायला माणूस हवा होता. त्यांनी भावाला हाक मारली. भाऊ म्हणाला, बूट घालून आलो. "मी म्हनलं, दोन मिंटाचं काम हाय, ये तसाच." मिस्त्री एवढं बोलले आणि शेजारच्या हेल्मेटचा पट्टा बोटांनी सरळ करत राहिले. तुटलेला पत्रा भावाच्या डाव्या पावलावर पडला. जखम चिघळली. शेवटी घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

दवाखान्यात ते रोज जायचे. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडायचा. घरी सोडल्यावर तो अंथुर्ण्याला निघून गेला, आणि मिस्त्रींची त्याच्या दारात जायची छाती झाली नाही. त्या दिवशी त्यांनी बूट काढले ते पुन्हा घातले नाहीत. त्याला पाऊल नाही, मी कुठल्या तोंडाने घालू, असं ते म्हणाले. आणि पोरांना काय शिकवणार? पायांत शांतीची तयारी घाला असं लिहिलंय. "माझी ना तयारी हुती, ना शांती हाय." आई उपदेश करणाऱ्यातली नाही. ती आत गेली आणि भाकरी-पिठलं वाढून ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. मी दाराला टेकून उभी होते.

पुढं पावसाळा गेला. दिवाळीच्या आसपास एक मुलगी पत्ता विचारत आली. मिस्त्रींच्या भावाची लेक. तिचं लग्न ठरलं होतं, चर्चमध्येच. आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नात बाप मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेतो. तिचा बाप, त्याला सगळे तात्या म्हणतात तसं मीही तात्याच म्हणते, नाही म्हणून बसला होता. एवढ्या मंडळींत कुबडीचा आवाज होतो, म्हणाला. "मग आबा, तुमी चला," ती मिस्त्रींना म्हणाली. "थोरले तुमीच की. पर आधी घरी या. तात्यांना न सांगता मी तुमाला परस्पर उभं करणार न्हाय." आपण इथे आल्याचं तात्यांना ठाऊक नाही, हेही तिने सांगितलं. मिस्त्रींनी तिला चहा दिला, तिच्या सासरची चौकशी केली, फाटकापर्यंत सोडलं. हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत.

शनिवारी मला म्हणाले, "तुझी गाडी अंथुर्ण्यापतुर जाईल का?"

आम्ही निघालो. बारामती-इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागलेल्या. मिस्त्री माझ्या मागे, पिवळं हेल्मेट घट्ट बांधून, प्रत्येक ट्रॉलीला "थांब, जाऊ दे तिला" म्हणत. एवढी वर्षं ज्या रस्त्याने जायचं धाडस झालं नाही त्यावर हा माणूस मला इंडिकेटर द्यायची आठवण करत होता. लासुर्ण्याच्या पुढे मात्र ते गप्प झाले. मान वळवली की मला त्यांची उघडी पावलं दिसत होती, फुटरेस्टवर आवळून धरलेली.

तात्यांची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. गिरणी बंद होती. तात्या ओट्यावर बसले होते, भुवयांवर पीठ, कुबडी भिंतीला टेकवलेली. कृत्रिम पाय त्यांनी बनवून घेतला होता पण तो टोचतो म्हणून वापरत नसत, हे मला नंतर कळलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्या बाजूला लेंग्याची गाठ. मिस्त्री अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "सलाम, तात्या."

तात्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर पावलांवर थांबली. "अजून तसाच हिंडतोस," ते म्हणाले. मिस्त्री पायरीकडे सरकले तसा तात्यांनी कुबडीचा दांडा आडवा धरला. "तितंच थांब. आत यायचं न्हाय."

मुलगी दारात आली होती. ती काही बोलणार तोच तात्यांनी हाताने तिला थांबवलं. आपण उगाच या माणसाला घेऊन आलो, असं मला वाटलं.

"दादा, पाय गेला त्येचं मी कवाच गिळलं," तात्या म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बोलवलंस तू, आलो मी. मला बी कळत हुतं की. पर बारामतीच्या बाजाराला गेलेलं माणूस परत आलं का मला सांगतंय, तुझा भाऊ अनवाणी दिसला. दर बाजाराला माझा पाय नव्यानं तुटतो. तुला वाटतंय तू शिक्षा भोगतोयस. भोगतोय मी. मला एक हाय, तुला दोन हायत, आन् ते दोन बी तू माझ्या नावानं जाळतोस."

मग तात्यांनी मुलीला आतल्या फळीवरून डावी आणायला सांगितली.

मला कळेना डावी म्हणजे काय. ती आत जाऊन एक चप्पल घेऊन आली. डाव्या पायाची, कोरी, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तात्या चपला घेणार त्या जोडीनेच, दुकानदार एक चप्पल देत नाही. उजवी झिजायची, डावी तशीच फळीवर पडून राहायची. टाकवत नव्हती म्हणून अशा कितीतरी साठल्या होत्या. तात्यांनी ती चप्पल अंगणात मिस्त्रींच्या पुढ्यात टाकली. मग खाली वाकून आपल्या उजव्या पायातली काढली आणि कुबडीच्या टोकाने ती तिच्या शेजारी सरकवली. "घाल," म्हणाले.

मिस्त्री खाली वाकले. हेल्मेट निसटलं आणि गडगडत गिरणीच्या दारापर्यंत गेलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते मातीत बसले आणि लहान मुलासारखी दोन्ही हातांनी एकेक चप्पल पायात घातली. डावी चकचकीत, उजवीची टाच झिजलेली. तात्यांचं पाऊल लहान, त्यामुळे मिस्त्रींच्या टाचा मागून बाहेर आल्या होत्या. इतक्या वर्षांत भेगा पडून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. मग ते उठून उभे राहिले.

"झाली तयारी?" तात्यांनी विचारलं.

"झाली."

"मग आता काढ, आन् आत ये. दारात काढायला तरी पायात काय पायजे का नगो?"

मिस्त्रींनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या आणि आत गेले. मी अंगणातच राहिले. हेल्मेट उचलून आणलं, पुसलं आणि पायरीवर बसून रडले. कोणाच्या घरचं कोण, पण रडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोरं आली तेव्हा मोकळ्या खिळ्यावर ती जोडी टांगलेली होती. पोरं हसली, आजोबा, एक नवी आणि एक जुनी कशी? मिस्त्रींनी त्यांना हसू दिलं. मग त्यांनी पायांचा पाठ दिला, त्यांच्या आयुष्यातला पहिला. पाळकसाहेबही मागे येऊन बसले होते. मिस्त्रींनी सांगितलं की बाकीच्या पाच वस्तू कामावर घालायच्या, लढाईत घालायच्या. ही सहावी तशी नाही. ही कोणाच्या तरी दारापर्यंत चालत जायला दिलेली आहे. तिथे पोहोचलं की काढून ठेवायची. "लढाईला निघाल्यावानी तयारी करून जायचं," ते म्हणाले, "आन् उंबऱ्याशी ती तयारी काढून ठेवायची. ह्येला शांती म्हणत असतील. मला तरी एवढंच कळलंय." पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. नेहमीपेक्षा बरीच छोटी होती.

लग्नाला मी गेले होते. मुलीच्या एका बाजूला मिस्त्री होते आणि दुसऱ्या बाजूला तात्या, कुबडी टेकत. आवाज होत होता. गाणाऱ्यांनी त्याच्याशी जमवून घेऊन गाणं जरा सावकाश म्हटलं.

त्यानंतर मिस्त्री ती जोडी घालून सगळीकडे जाऊ लागले. बाजारात, दवाखान्यात, महिन्यातून एकदा एसटीने अंथुर्ण्याला. टाचा बाहेर, चाल जरा अडखळती. पाय विसरले होते बहुधा. गल्लीतल्या लोकांनी पुन्हा आपापली कारणं काढली. काकूंच्या मते नवस फेडून झाला होता. हेल्मेट तेवढं शेवटपर्यंत सुटलं नाही, आणि तो शब्द मीही पुन्हा त्यांच्यासमोर काढला नाही.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी शेवग्याखाली झाडून झालेलं नव्हतं म्हणून मी दार वाजवलं. झोपेतच गेले होते. चपला खिळ्यावर होत्या.

दुपारपर्यंत मंडळी जमली. पेटी पडवीत ठेवली होती, आत मिस्त्रींना पांढरा सदरा घातलेला, छातीवर शास्त्र, पायांवर चादर ओढलेली. तात्या लेक-जावयाबरोबर आले. मातीची वेळ ठरलेली होती, गाडी दारात उभी होती, थंडीतला दिवस लवकर कलायला लागला होता. दोघाजणांनी झाकण उचललं तेव्हा तात्यांनी चादरीचं टोक बाजूला केलं आणि विचारलं, पायांत काय घातलंय. कोणीतरी म्हणालं, आता राहू दे तात्या, आता कुठं चालायचंय, उशीर होतोय.

तात्यांनी खिळ्यावरून ती जोडी काढली. कुबडी भिंतीला टेकवली आणि पेटीच्या पायथ्याशी फरशीवर बसले.

"थांबा," ते म्हणाले. "दोन मिंटाचं काम हाय."

पावलं ताठरली होती आणि चपला लहान. आधी डावी, मग उजवी. त्यांना बराच वेळ लागला, आणि कोणी घाई केली नाही.